उत्कर्षाचे चार खरे फॉर्म

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचे एक जुने पॅड आहे. माझी क्लिप आता सैल झाली आहे आणि कडा फुगल्या आहेत. कारखान्यातून निघताना वाटले होते, एखाद्या मुलीबरोबर परीक्षेला जाईन. पण मला पाहणी करणाऱ्या एका कंपनीने घेतले आणि मी उत्कर्षाच्या हाती आले.

उत्कर्षा वर्ध्याहून पुण्यात शिकायला आली होती. गर्दीच्या रस्त्यावर उभे राहून पायी जाणाऱ्यांना वीस प्रश्न विचारायचे आणि उत्तरे फॉर्मवर लिहायची, हे तिचे सुट्टीतले काम. रोजचे पंधरा फॉर्म.

"काका, दोनच मिनिटं..."

"दोन मिनिटं शिल्लक असती, तर घरी पडलो नसतो का?" असे म्हणून एक गृहस्थ निघून गेले. बाकीचे तर काही न बोलताच वळत. त्या गर्दीत ती मला छातीशी धरून उभी राही.

एका शुक्रवारी चार वाजले तरी तीनच फॉर्म झाले होते. उत्कर्षा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि मनानेच नावे लिहू लागली. दोन खोटे फॉर्म भरले.

"अहो, मला नाही का विचारणार?"

समोर भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी होत्या. आनंदीबाई, निवृत्त शिक्षिका. उत्कर्षा दचकून उठली आणि विचारू लागली.

"घरात माणसं किती?"

"एक. मोजायला सोपं."

प्रत्येक उत्तर त्या विचार करून देत होत्या. "लिहा, फुटपाथवर बाक हवा. दमलेल्या माणसानं टेकायचं कुठे?"

वीस प्रश्न झाले.

"संपले? मग आता मी विचारते. जेवलीस का गं?"

उत्कर्षा नकारार्थी मान हलवून पुन्हा पायरीवर बसली. आनंदीबाईही तिच्याशेजारी बसल्या. अर्धा तास दोघी वर्ध्याच्या उन्हाविषयी बोलल्या. त्या गेल्यावर उत्कर्षाने दोन्ही खोटे फॉर्म फाडून टाकले.

संध्याकाळी साहेबांनी, भीमरावांनी, विचारले, "चारच?"

"चारच, सर. पण खरे आहेत."

सोमवारपासून तिला कामावर बोलावले नाही. मला कपाटावर टाकले. पुढे टॅब्लेट आले, तेव्हापासून मला कुणाचा हात लागलेला नाही.

मित्रांनो, रस्त्यात कुणी प्रश्न घेऊन तुमच्यासमोर आले आणि तुम्हाला खरोखरच घाई असली, तर खुशाल पुढे जा. फक्त ‘नाही’ म्हणताना त्या माणसाकडे एकदा बघा.