जरीची माशी

शैला बिरादार यांचं गौलीगुड्यात लेस, बटणं, जरी आणि टिकल्यांचं दुकान आहे. दुकान सासऱ्यांनी टाकलेलं. ते लातूरकडची शेती भावांवर सोपवून हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. आता गल्ल्यावर शैलाबाईंचे यजमान प्रकाशराव बसतात आणि माल दाखवायचं काम शैलाबाईंकडे असतं. कुठल्या ब्लाउजला कुठली किनार खुलेल हे त्या गिऱ्हाईक पायऱ्या चढत असतानाच ठरवतात.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी जीन्स घातलेली, पाठीला मोठी बॅग अडकवलेली एक मुलगी दुकानात आली आणि नुसतीच बघत उभी राहिली.

"क्या होना, अम्मा?" शैलाबाईंनी विचारलं.

"वो... चमकनेवाला धागा चाहिए. और मुर्गे का पंख." तेवढ्यात तिचा फोन वाजला. "हो गं आई, जेवले. दुकानात आहे, नंतर करते," म्हणत तिने तो बंद केला.

"मराठीत बोल की मग," शैलाबाई म्हणाल्या. "पुण्याची का?"

मुलीचा चेहरा एकदम उजळला. तिचं नाव तन्वी. नोकरी एका आयटी कंपनीत, राहायला तारनाक्याला, आणि सुटीच्या दिवशी नदीवर जाऊन मासे धरायचा नाद. तिने बॅगेतून एक छोटी डबी काढली. आत गळ होते आणि प्रत्येक गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून काहीतरी किड्यासारखं केलेलं.

"याला फ्लाय म्हणतात, काकू. म्हणजे माशी. माशाला वाटतं, खरंच काहीतरी पाण्यात पडलंय. तो झडप घालतो आणि गळाला लागतो. पण आपल्याकडे मरळ असते पाणवेलींच्या जाळीत. तिथे माझ्या माश्या अडकून तुटतात. बाहेरून मागवलेल्या संपत आल्यात, म्हणून म्हटलं आपणच बनवाव्यात."

"मरळ म्हणजे कोरमेनू," गल्ल्यावरून प्रकाशराव म्हणाले. त्यांना त्या माशाचं कालवण फार आवडत असे. "गळाला गांडूळ लावायचं सोडून त्याला नटवतेस कशाला?"

"गांडुळाला मासा लागतोच, काका. पिसाला लागला की मजा वेगळी."

प्रकाशरावांना ते काही पटलं नाही. शैलाबाईंनी मात्र एक माशी उचलून उजेडात धरली. दोरा कुठे सुरू झाला आणि गाठ कुठे लपवली, ते त्यांना चटकन दिसलं. आत कुठल्याशा केसांचा गोंडा होता, वर दोन पिसं. "हे मला ठेवून जा," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात ये."

त्या आठवड्यात शैलाबाईंनी दुपारच्या रिकाम्या वेळात माश्या केल्या. टेबलाला चिमटा लावला, त्यात गळ पकडला, कोंबड्याची पिसं शेजारच्या चिकनवाल्याकडून आणून धुऊन वाळवली. जरीचे वेढे दिले, डोळ्यांच्या जागी मणी ओवले, शेपटीला टिकल्यांची झालर लावली. तन्वी आली तेव्हा पुठ्ठ्यावर ओळीने टोचलेल्या त्या माश्या लग्नात नेसायच्या शालूसारख्या झगमगत होत्या.

"काकू, किती सुंदर," तन्वी म्हणाली आणि घेऊन गेली.

ती परत आली ती ओशाळलेल्या चेहऱ्याने. बराच वेळ ती हवापाण्यावर बोलत राहिली.

"नीट चालल्या नाहीत ना?" शैलाबाईंनीच विचारलं.

"दिसायला छानच होत्या..."

"दिसायला छान म्हणूनच परत आणल्यास का?"

तन्वी हसली आणि मग मोकळेपणाने बोलली. मण्यांमुळे माशी जड होते आणि बुडते. टिकल्या हवेत भिंगरीसारख्या फिरतात आणि सगळी दोरी पीळ खाते. "साध्या गळात वजन टोकाला असतं, काकू. ते फेकलं की दोरी मागून जाते. इथे उलटं. वजन दोरीत. दोरी हवेत मागे-पुढे झुलवायची, ती माशीला घेऊन जाते. म्हणून माशी हलकी हवी. आणि गळाच्या काठीला दोरीही तिच्याच नंबरची लागते. नाजूक काठीला जाड दोरी लावली की काही खरं नाही."

"सुईला दोरा बघून घ्यावा तसं."

"अगदी तसं."

शैलाबाईंनी एक माशी हातात घेऊन मणी तोडून टाकले. पण टिकल्या काढताना त्यांचा हात थबकला. "मला पाण्यात कसं दिसतं हेच माहीत नाही," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक न बघता ब्लाउज शिवल्यासारखं झालंय हे. मला एकदा घेऊन चल."

प्रकाशरावांनी मान वर केली. "तुला पोहता येतं?"

"नाही."

"मग?"

"जाकीट घालतात, काका," तन्वी म्हणाली. "मी घालते, त्याही घालतील. आधी ते घेऊ, मगच जाऊ."

रविवारी तिघंही सिकंदराबादच्या एका दुकानात गेले. डोंगर चढायचं आणि नदीत उतरायचं सामान तिथे मिळत असे. विक्रेत्याने शैलाबाईंना पाहिलं, मग तन्वीला पाहिलं, आणि सामान तन्वीपुढे मांडायला लागला.

"माझ्यासाठी आहे," शैलाबाई म्हणाल्या.

त्याने गोंधळून रबराची छातीपर्यंतची विजार काढली. परदेशात नदीत उभं राहून मासे धरणारे हीच वापरतात, म्हणाला.

"ते थंड पाण्यात," तन्वीने सांगितलं. "मार्चमध्ये हैदराबादेत ही घातली तर काकू आतल्या आत शिजतील."

मग जाकिटं निघाली. पहिलं लाल होतं आणि शैलाबाईंना रंग आवडला. तन्वीने सगळे पट्टे आवळले, खांद्याशी धरून वर ओढलं, तर जाकीट थेट शैलाबाईंच्या कानांपर्यंत आलं. "हे तुम्हाला पाण्यात सोडून एकटंच तरंगेल," ती म्हणाली. दुसरं छातीवर इतकं घट्ट की हात फिरेना. तिसरं निळं, बाह्यांकडे मोकळं. ओढलं तरी जागचं हललं नाही. ते घेतलं.

कपड्यांच्या बाबतीत मात्र शैलाबाईंनी कुणाला विचारलं नाही. त्यांनी एक सदरा चिमटीत धरून चुरगळला आणि बाजूला ठेवला. "हे सुती. भिजलं की जड होऊन अंगाला चिकटतं. ते टेरीकॉटचं दाखवा." चपला मागे पट्टा असलेल्या घेतल्या, कारण चिखलात साधी चप्पल रुतून राहते हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. तन्वीने पाण्यावरची चमक कापणारा चष्मा घ्यायला लावला. त्यातून मासा दिसतो आणि उडत आलेला गळही डोळ्यात जात नाही. प्रकाशराव एवढा वेळ टोप्यांच्या आरशासमोर उभे होते. त्यांनी रुंद काठाची एक घेतली. "मी पाण्यात येणार नाही," ते म्हणाले, "पण ऊन तर काठावरही असतं."

मार्च सुरू होताच एका शनिवारी पहाटे ते तन्वीच्या गाडीतून निघाले. ठिकाण होतं मांजरा नदीवरचं, एका छोट्या गावाजवळचं. गावच्या मच्छीमार सोसायटीची परवानगी तन्वीने आधीच काढली होती. सोसायटीचे सायलू काठावर भेटायला आले, तेव्हा प्रकाशरावांनी त्यांना तेलुगूत पहिलाच प्रश्न मगरीचा विचारला. सायलू म्हणाले, या बाजूला नाही, आमची पोरं रोज इथेच डुंबतात. प्रकाशरावांनी थोड्या वेळाने तोच प्रश्न हिंदीत विचारून पाहिला. उत्तर तेच आलं.

तन्वीने डिकीतून एक गाठोडं काढलं आणि पंपाने हवा भरली. बघता बघता त्याची लांबट नाव झाली. "ही कनू," ती म्हणाली. "लाकडाची जास्त चपळ असते, पण ती माझ्या तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार? आणि हिचा तळ रुंद आहे, पटकन कलंडत नाही. फक्त मध्येच उभं राहायचं नाही."

शैलाबाई मात्र नदीकडे बघत होत्या. त्यांचं माहेर याच मांजरेच्या काठी, पण कितीतरी वर, लातूर जिल्ह्यात. उन्हाळ्यात भाऊ दिवसभर डोहात पडलेले असत. मुलींनी काठावर धुणं धुवायचं आणि घोट्यापुढे पाण्यात जायचं नाही, असा आजोबांचा नियम होता. भावांचे कपडे राखत दगडावर बसलेलं त्यांना आठवत होतं. नदीच्या मधोमध पाणी कसं असतं, हे नदीकाठच्या गावात वाढूनही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"बसा, काकू," तन्वी म्हणाली. त्या पुढे बसल्या, तन्वी मागे. दोघींच्या हातात वल्हं. पहिला काही वेळ नाव जागच्या जागी गोल फिरली. काठावरून प्रकाशराव टोपी सावरत "डावीकडे, अगं डावीकडे" म्हणत होते, आणि त्यांची डावी बाजू नेमकी उलटी असल्यामुळे नाव आणखीच फिरत होती. शेवटी शैलाबाईंनी त्यांच्याकडे पाठ केली आणि नाव सरळ चालायला लागली.

मधोमध पोचल्यावर तन्वीने वल्हं थांबवलं. पाणी संथ होतं. खाली हिरवट उजेड जात होता आणि चष्म्यातून तळाची वाळू दिसत होती. शैलाबाईंनी हात पाण्यात सोडला. वरचं पाणी कोमट, खालचं गार.

मग त्यांनी खिशातून आपल्या माश्या काढल्या, जुन्या आणि निघण्याआधी नव्याने केलेल्याही, आणि एकेक पाण्यावर ठेवून पाहिली. टिकल्यांची बुडाली. नुसत्या पिसाची तरंगली, पण पाण्याच्या रंगात हरवून गेली. बकरीच्या केसांच्या गोंड्यावर जरीचा एकच वेढा दिलेली मात्र बेडकाच्या पिल्लासारखी बसली आणि नाव हलली की किंचित लुकलुकली.

"ही," शैलाबाई म्हणाल्या.

"ही," तन्वीही म्हणाली.

फेकायला शिकणं सोपं गेलं नाही. पहिल्यांदा दोरी त्यांच्याच डोक्यावर पडली. दुसऱ्यांदा माशी तन्वीच्या टोपीत रुतली. "मागे नेली की थांबायचं, काकू. दोरी मागे सरळ होऊ द्यायची, मग पुढे." शैलाबाई घाई करत होत्या. मग त्यांना गच्चीवर ओली साडी झटकायची रीत आठवली. झटका द्यायचा, कापड पूर्ण उलगडू द्यायचं, मगच दुसरा. त्यांनी तसं केलं. दोरी डोक्यावरून लांब गेली आणि माशी जवळच्या पाणवेलींच्या जाळीच्या कडेला अलगद उतरली. फार लांब नाही, पण त्यांना हवी होती तिथे.

"आता थोडी थोडी ओढा. थांबा. पुन्हा ओढा."

पाणी एकदम फुटलं. काळं, जाड काहीतरी वर आलं, माशी गिळून खाली गेलं आणि काठी कमानीसारखी वाकली. "लागला," तन्वी ओरडली, "काठी वर धरा." शैलाबाईंनी काठी वर धरली. त्या नादात स्वतःही उठल्या. नाव एका अंगाला झुकली आणि शैलाबाई पाण्यात पडल्या.

काठावरून प्रकाशराव चपलांसकट पाण्यात धावले.

शैलाबाई क्षणभर खाली गेल्या. नाकात पाणी, कानात गरगर. मग निळ्या जाकिटाने त्यांना खालून उचलून वर आणलं. पाय खाली सोडले तर वाळू लागली. पाणी छातीइतकंच होतं. काठी हातातच होती आणि दुसऱ्या टोकाला मासा ओढत होता.

"सोडा ती काठी," प्रकाशराव कमरेइतक्या पाण्यातून म्हणाले.

"मला काही झालं नाही," शैलाबाई म्हणाल्या. "तुम्ही मासा बघा."

त्या एकेक पाऊल टाकत काठाकडे निघाल्या. तन्वी नावेतून "दोरी ढिली पडू देऊ नका, तो ओढेल तेव्हा ओढू द्या" असं सांगत मागून येत होती. मासा दमत आला होता. गुडघाभर पाण्यात त्याची ठिपक्यांची पाठ दिसली. चांगली हातभर मरळ. प्रकाशरावांना कालवण दिसलं असावं. त्यांनी वाकून दोन्ही हातांनी ती पकडली. मरळ किती बुळबुळीत असते हे ते विसरले होते. ती हातांतून निसटली, पोटावर शेपटी मारून त्यांच्या पायांमधून गेली, गळ सुटला आणि प्रकाशराव मटकन पाण्यात बसले. टोपी तेवढी डोक्यावर राहिली.

शैलाबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना उभं राहवेना, म्हणून त्याही शेजारी पाण्यात बसल्या.

"एवढा होता," प्रकाशराव हात पसरून म्हणाले.

"आपण नाहीतरी सोडणारच होतो, काका," तन्वीने सांगितलं. "मी सगळे सोडते."

"हे आधी सांगायचं ना," ते म्हणाले. "मी कायकू बसलो असतो पाण्यात?" पण उठायची घाई त्यांनीही केली नाही.

दुपारी सगळ्यांनी काठावर बसून ज्वारीची भाकरी, झुणका आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला. अंगावरचे कपडे बोलता बोलता वाळले. जेवण झाल्यावर शैलाबाईंनी पुन्हा जाकीट चढवलं आणि तन्वीला म्हणाल्या, "आता काठी नको. मघाशी पडले तेव्हा घाईत काही कळलंच नाही. मला परत पाण्यात सोड, नीट."

तन्वी त्यांच्यासोबत पाण्यात उतरली. तिने त्यांच्या पाठीखाली हात धरला आणि हळूच काढून घेतला. शैलाबाई उताण्या तरंगल्या. कान पाण्यात असल्याने काठावरचं काहीच ऐकू येत नव्हतं. वर एक घार फिरत होती. त्या तिच्याकडे बघत राहिल्या आणि प्रवाहाने त्यांना हळूहळू थोडं पुढे वाहून नेलं, तेव्हा घाबरल्या नाहीत.

एप्रिलपासून त्यांनी तारनाक्याजवळच्या पोहण्याच्या तलावावर बायकांच्या सकाळच्या बॅचला नाव घातलं. सुरुवातीला तन्वीच त्यांना सोबत करायची, मग त्या एकट्या बसने जाऊ लागल्या. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, या वयात पोहणं कशाला, गुडघे दुखतात का? शैलाबाई म्हणाल्या, "गुडघे ठीक आहेत. मला नदीत जायचंय." पहिल्याच महिन्यात त्या उथळ बाजू आडवी पार करायला लागल्या. दुकानात पोचायला त्यांना त्या दिवसांत थोडा उशीर व्हायचा; प्रकाशराव शटर उघडून बसत आणि गिऱ्हाइकांना सांगत, थांबा, त्या पोहून येतायत.