नऊ दिवस गोल फिरलेला बोया

मित्रांनो, रंग उडालेला, पोचे पडलेला मी एक जुना बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, आहे. पाणी तपासणाऱ्या बाईंनी मला तेलाच्या रिकाम्या डब्यापासून बनवले. पोटात थोडी वाळू भरली, डोक्यावर लाल झेंडी खोचली आणि खाली जाड कापड लोंबते सोडले. मला वाऱ्याने नव्हे, पाण्याच्या प्रवाहाने ओढावे, म्हणून.

आमचा समुद्र जमिनीने वेढलेला. महासागराकडे उघडणारे त्याचे तोंड अगदी अरुंद. त्या वर्षी आतल्या कोपऱ्यातले पाणी हिरवे पडले, कुजट वास सुटला, खडकांवरच्या शिंपल्यांतली कालवे मरू लागली. सगळ्यांनी खापर फोडले ते काठावर मासे साफ करणाऱ्या बायकांवर. महिनाअखेरीस त्यांची जागा बंद होणार होती.

बाईंची मावशी होडी चालवायची. दोघींनी मला त्या कोपऱ्यात सोडले. मी ऐटीत निघालो खरा, पण नऊ दिवस तिथल्या तिथेच फिरत राहिलो. फार ओशाळलो.

"अगं, हा तर घाण्याचा बैल झालाय!" मावशी म्हणाली.

बाई मात्र नकाशावर माझी वाट आखताना एकदम उठल्याच. "मावशी, इथं बाहेरचं पाणी येतच नाही! कोपऱ्याच्या तोंडावरचा तो पडीक दगडी बांध प्रवाह अडवतोय."

बाईंनी गावाच्या सभेत नकाशा मांडला, तेव्हा बंदराचे साहेब म्हणाले, "एका डब्याच्या सांगण्यावरून बांध फोडायचा?"

"साहेब, खोटं बोलून डब्याला काय मिळणार?" मावशीने विचारले.

हशा पिकला. साहेबही हसले आणि त्यांनी नकाशा पुढे ओढून नीट पाहिला. बांधाला तीन वाटा पाडायचे ठरले.

दगड हलले आणि भरतीचे गार, स्वच्छ पाणी आत घुसले. ओहोटी लागताच मला पुन्हा सोडले. एक गिरकी, दुसरी गिरकी, आणि प्रवाहाने मला उचललेच! मी बांधातून थेट बाहेर! मासे साफ करणाऱ्या बायका काठाकाठाने धावत होत्या. "गेला! गेला!" मावशीची वल्ही मारता मारता पुरेवाट झाली.

दुसऱ्या वर्षी खडकांवर पुन्हा कालवे वाढू लागली. बायकांची जागाही राहिली. पण त्यांच्यातली सगळ्यांत थोरली म्हणाली, "पाणी वाहतंय म्हणून आपली घाण नाहीशी होते होय? ती पुढच्यांच्या दारात जाते." तेव्हापासून त्या माशांची आतडी, खवले खड्ड्यात पुरतात.

मित्रांनो, आता मी बाईंच्या कचेरीच्या पडवीत पडून असतो. माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. तुम्ही पाण्याची वाट मात्र मोकळी ठेवा, आणि त्यात काही टाकण्याआधी एवढेच विचारा: हे आता कोणाच्या दारात जाईल?