मागचे धक्के

घरातली बिघडलेली वस्तू ज्या दिवशी माणूस स्वतःच्या हातांनी दुरुस्त करतो, त्या दिवशी तो खऱ्या अर्थाने घरचा कर्ता होतो. निदान शॉकअप बदलून दाखवणाऱ्या व्हिडिओतला गृहस्थ तसं म्हणाला होता. त्याच्या भरवशावर रविवारी गाडीखाली शिरलेल्या विमा कंपनीतल्या कारकुनाला मात्र, आठवडाभरात पहिल्यांदा पाठ टेकायला मिळाली, एवढंच वाटलं. थोडा वेळ तो नुसता पडून राहिला. बायकोला वाटलं, काम चाललंय.

गाडी आकाराने लहान, वयाने मोठी. मागचे शॉकअप पार गेलेले. डिकी दाबून हात काढला की गाडीची मागची बाजू बराच वेळ वरखाली होत राहायची, मीटिंगमध्ये माना डोलावणाऱ्या साहेबांसारखी. एरवी त्याने तेही चालवून घेतलं असतं. बरंच काही तो चालवून घेत होता. पण वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि व्यायामासाठी त्यांना दर सोमवारी आणि गुरुवारी इस्पितळात न्यावं लागे. पाय लांब करता यावा म्हणून ते मागे बसत, आणि गाडीचे सगळे धक्के मागेच असत. गेल्या गुरुवारी कोपऱ्यावरच्या खड्ड्यात गाडी आदळली. घरी आल्यावर ते वॉकर धरून उभे राहिले आणि म्हणाले, "या गाडीत मी परत पाय ठेवणार नाही."

टॅक्सीत तर ते धडधाकट असतानाही बसत नसत. व्यायाम बुडाला तर पाय कायमचा असाच राहील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बजावलं वडिलांना, झोप उडाली मुलाची. गॅरेजवाला म्हणाला, "पुढच्या आठवड्यात बघू." म्हणून हा खटाटोप.

वडील रस्ते खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. दारात खुर्ची टाकून ते देखरेख करत होते. हयातभर त्यांनी इतरांची कामं बसूनच पाहिली होती, त्यामुळे आजारपणातही त्यात खंड पडला नव्हता.

"स्टँड नीट लावलेत ना?" त्यांनी विचारलं.

"लावलेत."

"नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये."

"नाही ठेवला, बाबा." नुसत्या जॅकवर भरवसा ठेवणाऱ्यांचे दावे रोज त्याच्याच टेबलावर येत.

जेवणापर्यंत डावी बाजू उरकली. उजवीकडचा गंजलेला बोल्ट मात्र हटून बसला होता. तो निघेपर्यंत कारकुनाच्या मनगटातलं त्राणही निघालं. जुना शॉकअप बायकोने हातात घेऊन दाबला. तो आत गेला आणि आतच राहिला.

"हा बाहेरच येईना."

"मी ऑफिसातून आल्यावर असाच असतो."

"फरक आहे. हा निदान कुरकुरत नाही."

आता नवा शॉकअप. त्याने तो खालून वर सरकवला. दांड्याचं टोक डिकीत आलं, ते डिकीत बसलेल्या बायकोने धरलं. खालचा बोल्ट बसेपर्यंत धरून ठेवायचं, मग वरून नट लावायचा, असं ठरलं होतं. तो छातीवरचा बोल्ट चाचपू लागला.

खुर्चीतून आवाज आला. "हे सगळं माझ्यासाठी चाललं असेल तर आधीच सांगून ठेवतो. उद्या मी येणार नाही."

"बाबा, सोडा ना आता," तो दमून म्हणाला.

आदरार्थी काना गाडीच्या पत्र्यातून वर पोहोचत नाही. बायकोला "सोड ना आता" एवढंच ऐकू आलं. तिने सोडला. शॉकअप सरळ त्याच्या गळ्याखालच्या हाडावर आला.

"सोडलास का?" खालून बारीक आवाज आला.

"तूच म्हणालास सोड."

"मी बाबांना म्हणालो."

"बाबांना तू कधीपासून अरे-तुरे करायला लागलास?"

"सोडा म्हणालो. सोडा."

"मग काना जरा जोरात द्यायचा. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तुझं एका शब्दात ऐकलं, तर ही तऱ्हा."

"मी काय सोडायचं म्हणे?" वडिलांनी विचारलं.

"विषय, बाबा."

"मग विषय म्हणावं."

शॉकअप छातीवर घेऊन तो पडून राहिला. दाव्याच्या अर्जात अपघाताचं कारण काय लिहिलं असतं? आदर. त्याने स्वतःच तो दावा फेटाळला असता.

दिवेलागणीला चाकं जमिनीला टेकली आणि त्याने शेवटचे बोल्ट आवळले. डिकी दाबली. ती खाली गेली, वर आली आणि थांबली. त्याने पुन्हा दाबून पाहिली. बायको म्हणाली, "झालं?" तो म्हणाला, "झालं."

सोमवारी सकाळी बायकोने सासऱ्यांना एवढंच सांगितलं, "कोपऱ्यापर्यंत चला, बाबा. दुखलं तर लगेच परत आणून सोडू." ते बसले. वरचं हँडल त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. कोपरा आला, खड्डा आला आणि मागे पडला. मग गतिरोधक. वडिलांनी हँडलवरून एक हात काढला, काही वेळाने दुसरा. खिडकीबाहेर निरखून पाहत म्हणाले, "रस्ता केलेला दिसतोय."

मुलाने तोंड उघडलं. गळ्याखालचं हाड ठणकत होतं. बाजूच्या सीटवरून बायको त्याच्याकडे बघत होती.

"खडी नीट दाबलीय," वडील म्हणाले. "असं काम हल्ली कोण करतं? रस्ता असा असेल तर मी गुरुवारीही येईन."

सांगायला बरंच होतं. पण सांगण्यात पुन्हा दमणूक होती, आणि ते येतो म्हणाले होते.

"हो, बाबा," तो म्हणाला. "केलाय रस्ता."

बुधवारी पाण्याचा पाइप टाकण्यासाठी तो रस्ता खणायला घेतला.