पाठीवरचं नाव

“अडे सोमा, ये चांदी का कोट किसका उठा के लाया?”

परसराम सेठ माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिले तेव्हा मी जाकीट फ्रेममध्ये ताणून बसवत होतो. हात थांबवला नाही.

“पोराचं आहे, सेठ. परदेशात खेळायला चाललाय. पाठीवर आडनाव लागतं, तसा नियमच आहे.”

“तेरा लडका? बाहर?” सेठनी चष्मा कपाळावर चढवला. “फिर बढिया डाल. अपना काम फीका नहीं दिखना चाहिए.”

हे त्यांनी सांगायला नकोच होतं. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये एकवीस वर्षं मी जीन्सच्या खिशांवर नावं भरत आलो. अमेरिकेची, इटलीची, कुठली कुठली. ज्यांची नावं त्यांनी मला पाहिलं नाही, मी त्यांना पाहिलं नाही. स्वतःचं आडनाव कापडावर घालायची पाळी पहिल्यांदाच आली होती. धागा निळा घेतला. आमच्या घरात दुसरा रंग कोणाला सुचणार? इंग्रजीतली सात अक्षरं, शिरसाट, आणि त्याखाली देशाचं नाव. टाके असे दाट घातले की बोट फिरवलं तर अक्षर हाताला लागावं. सेठनी बाकीच्या कारागिरांना बोलावून दाखवलं. मी मान खाली घालून धागे कापत होतो, पण खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती.

खेळ तलवारबाजीचा. त्यातला फॉइल नावाचा प्रकार. पात्याच्या टोकाला बटण असतं, पाठीमागून वायर जाते. टोक समोरच्याच्या जाकिटावर दाबलं गेलं की रंगीत दिवा लागतो आणि गुण मिळतो. दंडावर, मांडीवर लागलं तर पांढरा दिवा, गुण नाही. जाकीट धातूच्या बारीक तारांनी विणलेलं असतं, म्हणून त्यातून करंट जातो. हे सगळं पोरानं, आकाशनं, मला शंभरदा समजावलं होतं. मला पाठ होतं. आणि तरी मी ऐन वेळी अक्कल गहाण टाकली.

तो नुसतं एवढंच म्हणाला होता, “पप्पा, टीमच्या मॅनेजरचा फोन आलेला. पाठीवर नाव घालून आणा बोलले. ते रंगानं लिहितात, बाजारात रंग बघायला पायजे.” रंग? बाप आयुष्यभर सुईत नाक खुपसून बसलाय आणि पोरगा बाजारात रंग शोधणार? त्याला न सांगता मी जाकीट पिशवीत घातलं आणि कामावर घेऊन गेलो. निघायला एक दिवस उरला होता.

संध्याकाळी बेलवलीला घरी आलो. बायकोनं, शालननं, जाकीट हातात घेतलं, बाबासाहेबांच्या फोटोसमोर धरलं आणि डोळ्यांना पदर लावला. आकाश आंघोळ करून आला. जाकीट बघितलं. अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं.

“काय रे? वाकडं झालंय का?”

“नाय. भारी झालंय, पप्पा. एकदम भारी.”

मला वाटलं, पोरगा खूशच झालाय.

त्या स्पर्धेचं नाव इंग्रजीत एवढं लांबलचक होतं की मला कधी धड म्हणता आलं नाही. पोहणं, कुस्ती, नेमबाजी, वीसेक खेळ एकाच शहरात, देशोदेशीची पोरं. आकाशला शाळेपासून शिकवणाऱ्या कैलास सरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, “शिरसाट, पदक विसरा. चीन, कोरियापुढे आपली पोरं टिकत नाहीत. पण नुसता उतरून खेळला ना, तरी प्रमाणपत्र मिळेल. त्यावर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीचा अर्ज भरता येतो. पोरगा सेटल.” तेवीस वर्षांचा झाला होता. बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी. शिपायाच्या जागेलासुद्धा शेकड्यांनी अर्ज येत होते. आमची सगळी भिस्त त्या एका कागदावर होती.

तो गेला आणि परत आला. चौकात बोर्ड लागला होता, ‘बेलवलीचा ढाण्या वाघ’. त्यावर नगरसेवकाचा फोटो आमच्या पोराच्या दुप्पट. हार घातले, पेढे वाटले. आकाश सगळ्यांना एकच सांगत होता, “हरलो ना. समोरचा लय भारी होता.”

“चालतंय की!” मी म्हणालो. “खेळलास ना? झालं तर मग.”

महिनाभरानं जागा निघाल्या. क्लार्कच्या. मी त्याच्यामागे लागलो, प्रमाणपत्र कुठाय? आज येईल, उद्या येईल, सर देतील. शेवटचे तीन दिवस राहिले तेव्हा मी कामाला दांडी मारली आणि अंबरनाथला कैलास सरांचं घर गाठलं.

सरांनी पाणी दिलं, चहा टाकायला सांगितलं, पंखा वाढवला. माणूस विषयाला येईना.

“सर, प्रमाणपत्र.”

“आकाशनं सांगितलं नाही?”

त्यांनी कपाटातून निकालाचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. पुरुष फॉइल. नावांची रांग होती. आमचंही नाव होतं, त्यापुढे इंग्रजीत काहीतरी. सरांनी वाचून दाखवलं.

“गैरहजर.”

“गैरहजर कसा? विमानात बसवून आलो मी त्याला!”

“खेळायच्या आदल्या दिवशी सगळं सामान तपासतात. जाकिटावर मीटर लावतात. कुठेही करंट तुटला की जाकीट बाद.” सर माझ्याकडे न बघता बोलत होते. “धाग्यातून करंट जात नाही, शिरसाट. त्यानं तिथं गेल्यावर दोन दिवस बसून सगळं भरतकाम उसवलं. पण मशीनच्या सुईनं खालच्या तारा तुटल्या होत्या. अर्धी पाठ बाद.”

“मग दुसरं जाकीट?”

“दोन जादा न्यायची असतात. ती इथं संघटनेच्या कपाटातच राहिली. शरदचंद्र साहेब मॅनेजर. मिसेसना बरोबर नेलं, सामानाचं वजन वाढलं, जाकिटं काढून ठेवली. बाकीच्या तीन पोरांच्या लढती त्याच वेळी, त्यांचं मागणार कसं? साहेब म्हणाले, तू बाहेर बस.” सरांनी निकालाच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाले, “मी पत्र लिहिलं साहेबांविरुद्ध. काय होणार आहे म्हणा.”

मला साहेबांचा राग यायला हवा होता. आलाही. आई-माईवरून शिव्या दिल्या, सरांच्या घरात, त्यांच्या बायकोसमोर. पण राग फार वेळ टिकेना. साहेबांनी जाकिटं ठेवली, खरं. पण पोराचं धडधाकट जाकीट भोसकलं कोणी? एकवीस वर्षांची कारागिरी! थू त्या कारागिरीवर.

घरी आलो तर आकाश जमिनीवर बसून अर्ज भरत होता. मी चपलाही काढल्या नाहीत.

“तुला इथंच कळलं होतं. बोट फिरवलंस तेव्हाच.”

त्यानं वर बघितलं. सर बोलले हे त्याला समजलं.

“हो.”

“मग तोंडाला काय कुलूप होतं? शिव्या घालायच्या होत्यास! म्हणायचं होतंस, पप्पा, वाटोळं केलंत!”

“मम्मी रडत होती. तुम्ही एवढे खूश होता. मला वाटलं, तिथं जाऊन काढतो, कोणाला कळणार पण नाय.” त्यानं पेन बाजूला ठेवलं. “तुम्हाला कधी असं बघितलंच नव्हतं, पप्पा.”

“माझा मान राखलास,” मी ओरडलो, “आणि स्वतःचं भविष्य मातीत घातलंस! असला मान काय चाटायचाय मला?”

शालन आतून धावत आली. आम्हा दोघांची तोंडं बघून दारातच थांबली. मला पोराला जवळ घ्यायचं होतं आणि त्याच्या थोबाडीतही द्यायची होती. दोन्ही जमलं नाही. मी त्याच्यासमोर फरशीवर बसलो.

तो पुन्हा अर्जाकडे वळला. नाव, वडिलांचं नाव, जात, शिक्षण, सगळं भरून झालं होतं. पेन एका रकान्यावर थांबलं. मी उलटं वाचलं, ‘उमेदवार खेळाडू आहे काय?’

“आहे लिही,” मी म्हणालो.

“पुरावा जोडायला लागतो, पप्पा.”

“दहा वर्षं खेळलास तू. कैलास सरांना विचारा म्हणावं. अख्ख्या बेलवलीला विचारा.”

तो हसला. माझ्यावर नव्हे, पण हसला. मग कागद सरळ केला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘नाही’.