गल्ली चालून पाहिली तेव्हा

खोली घेण्याआधी नर्सबाईंनी संध्याकाळी बसथांब्यापासून तिथवर एकटीनं चालून पाहायचं ठरवलं. नव्या शहरात लेकीला रोज याच गल्लीतून क्लासहून यायचं होतं. वळणावर मागे पावलं वाजू लागली. बाई थांबल्या की तीही थांबत. शिवणकामाचं दुकान दिसताच त्या आत शिरल्या.

“कोणीतरी मागे लागलंय,” त्या कशाबशा म्हणाल्या.

शिवणाऱ्या मावशी हातातल्या कात्रीसकट दारात गेल्या. “काय रे, कोण पाहिजे?” त्या कडाडल्या. समोरच्या तीन खिडक्या फटाफट उघडल्या आणि बायका डोकावल्या. तो माणूस मुकाट्यानं चालता झाला.

मावशींनी पाणी दिलं. “खोटं कशाला बोलू, असले दोघंतिघं आहेत इथे.”

नर्सबाईंनी ते ऐकून घेतलं. तरीही, खिडक्यांत उभ्या बायकांकडे बघत त्यांनी घरमालकाला फोन लावला. “खोली घेतेय मी.”