शंख कुणाच्या हातात

त्या हिवाळ्यात तेक्लाचे पुढचे दोन दात पडले आणि त्यांच्यापाठोपाठ तिचा गावातला मानही गेला. दुसऱ्या एखाद्या गावात दात पडले तर फार तर पाव चावायची पंचाईत. आमच्याकडे मात्र मनुका वाळायच्या दिवसांत शंख फुंकावा लागतो, आणि पुढचे दात नसले की त्यातून नुसती हवा जाते. फुस्स!

शंख गावात एकच, आणि तो म्हाताऱ्या ओनोफ्रेच्या घरात. कारण त्याचं घर सगळ्यांच्या वर, डोंगराला टेकून. पाऊस येतो तो डोंगरामागून, आणि तो आधी दिसतो ओनोफ्रेच्या आवारातून. खालच्या गल्ल्यांतून बघाल तर डोक्यावर पडेपर्यंत पत्ता नाही. आणि मनुकांचं काम म्हणजे नाजूक काम. घड राखेच्या उकळत्या पाण्यात बुडवायचे, सालीला बारीक चिरा पडल्या की बोरूच्या काड्या विणून केलेल्या तट्ट्यांवर पसरून उन्हात टाकायचे. त्या चिरांतून एक सर जरी आत गेली तरी माल नासलाच म्हणा. म्हणून शंख वाजला की न्हावी अर्धी दाढी सोडून पळतो, पाद्री प्रवचन सोडून पळतो, आणि सगळं गाव तट्ट्या उचलून कमानींच्या पडवीत नेतं. शंख वाजल्याशिवाय मात्र तट्टीला कुणी हात लावत नाही, कारण अर्धवट वाळलेले घड हलवले की दाणे गळतात.

आई गेल्यापासून हा शंख ओनोफ्रेची थोरली लेक तेक्ला फुंकायची. धाकटा भाऊ नेलो, त्यालाही तिनेच वाढवला. ना नवरा, ना पोरबाळ. स्वतःचं म्हणावं असं काय होतं तिला? तो शंख. हंगामात गल्लीतून चालली की बायका वाट द्यायच्या, विचारायच्या, "काय तेक्ला, आज काय म्हणतंय आभाळ?"

नेलोने वसंतात लग्न केलं ते किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या मुलीशी. रोसेर तिचं नाव. कोळ्यांकडे होडी किनाऱ्याला लागली की गिऱ्हाइकांना बोलवायला शंख फुंकतात. झालं! एके दिवशी जेवताजेवता ओनोफ्रेने फळीवरचा शंख काढून सुनेपुढे धरला.

"बघू गं पोरी, येतं का?"

रोसेरने फुंकला. खालच्या गल्लीतली कुत्री एकसाथ भुंकायला लागली.

"अरे वा! याला म्हणतात आवाज," म्हातारा मांडीवर थाप मारत म्हणाला. "तेक्ला, सुटलीस बघ तू. आता ही फुंकेल."

तेक्लाच्या अंगाची लाहीलाही झाली. ती उठली आणि ज्यांचं जेवण अजून संपलं नव्हतं त्यांचीही ताटं गोळा करून घेऊन गेली.

हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात रोसेरने घोळ घातला. डोंगरावर कापसासारखा ढग आला तशी हिने शंख फुंकला, गाव धावलं, तट्ट्या आत गेल्या, आणि वर लख्ख ऊन! तेक्लाला काय आनंद झाला म्हणून सांगू. संध्याकाळी धुण्याच्या कुंडावर, चार बायका ऐकतील अशा आवाजात ती म्हणाली, "मासे मोजणं वेगळं आणि ढग वाचणं वेगळं, बाई. नुसता घसा असून काय उपयोग?"

रोसेरच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती एवढंच म्हणाली, "खरंय, वन्सं."

त्यानंतर मात्र पोरगी एकदाही चुकली नाही. ती गच्चीवर शंख घेऊन बसायची. तेक्ला खाली अंगणात, भिंतीवर बसून फाटक्या तट्ट्या विणायची. काम करताकरता तेक्लाची नजर डोंगराकडे जाई, वाऱ्याचा वास कळे, ती हातातला बोरू टाकून उठे, आणि ओरडायला तोंड उघडते न उघडते तोच वरून शंख! दर वेळी हेच. जणू तिच्या तोंडातला घास कुणी काढून घेत होतं.

"तुझ्या भावजयीला देवाने डोळे दिलेत हो!" शेजारची पुरामावशी म्हणायची. "कालच्या पावसात माझा एक दाणा भिजला नाही. तुझ्या वेळी दोनचार तट्ट्या तरी जायच्याच."

"माझ्या वेळी तुमचे पाय चालत नव्हते, मावशी," तेक्ला म्हणायची. पण रात्री उशीत तोंड खुपसून जळायची. घर तिचं, डोंगर तिचा, आभाळ तिचं, आणि कालची ही पोर सगळ्यांची लाडकी! नेलोसुद्धा आताशा जेवताना आधी बायकोच्या ताटात अंजीर टाकायचा. पूर्वी पहिलं अंजीर ताईला असायचं.

शेवटच्या तोडीचे घड उन्हात होते त्या दुपारी तेक्ला नेहमीसारखी भिंतीवर बसली होती. वारा पडला. मग डोंगराच्या खांद्यामागून शिशाच्या रंगाची एक कड वर आली. हा ढग तेक्लाला चांगला ठाऊक होता. हा डोंगराच्या डोक्यावर टोपीसारखा नुसता मिरवणारा ढग नव्हे, हा मागून येऊन मान धरणारा.

तिने वर गच्चीकडे पाहिलं. रोसेर शंख मांडीवर घेऊन बसली होती. हूं की चूं नाही.

दिसत नाही वाटतं महाराणीला, तेक्लाच्या मनात आलं. दिसेल. थोडा उशीर होऊ दे. चार तट्ट्या भिजल्या की गावच विचारील, कुठे गेले गं तुझे देवाने दिलेले डोळे?

ती उठली नाही. तिने मान खाली घातली आणि बोरू ओवत राहिली. चेहरा असा ठेवला की जशी काही पेंगते आहे.

चार तट्ट्यांचा हिशेब आभाळाने मानला नाही. वीज चमकली आणि त्याच क्षणी पाऊस कोसळला. मग शंख वाजला, वेड्यासारखा वाजत राहिला, पण आता काय? लोक धावले ते भिजत, घसरत, शिव्या देत. तट्ट्यांखालून गढूळ पाणी वाहत होतं. पुरामावशी चिखलात बसून घड पदरात भरत होती आणि रडत होती. वर्षाची शेवटची तोड, पोरींच्या लग्नाची, हिवाळ्याच्या तेलाची, ती गेली.

संध्याकाळी गाव ओनोफ्रेच्या दारात आलं. "झोपली होतीस का गं?" "नवऱ्याची स्वप्नं बघत होतीस?" "कोळ्याची पोर ती, तिला काय मनुकांचं!" ओनोफ्रे मान खाली घालून उभा होता. नेलो एकदा बायकोकडे, एकदा जमिनीकडे बघत होता. रोसेर सगळं ऐकून घेत होती, एका शब्दाने उलटून बोलली नाही. तेक्ला दारामागे उभी. हेच तर हवं होतं तिला. पण तिला दाराबाहेर यावंसं वाटेना.

लोक चिखल धुवायला कुंडाकडे गेल्यावर पडवीत दोघीच उरल्या, नासलेले घड निवडत. तेक्लाला राहवलं नाही.

"एवढा काळा ढग, आणि तुला दिसला नाही?"

"मी ढगाकडे बघतच नव्हते, वन्सं."

"मग कुठे बघत होतीस?"

"तुमच्याकडे." रोसेरने हातातला घड खाली ठेवला. "त्या कुंडावरच्या दिवसापासून तुमच्याकडेच बघते. मला डोंगराचं काही कळत नाही. तुम्ही बोरू टाकून उठलात की मी फुंकायचे. आज तुम्ही उठलाच नाहीत. म्हटलं, वन्सं बसल्यात म्हणजे पाऊस नाही."

उन्हाळाभर लोकांनी जिचं कौतुक केलं ती तेक्लाच होती, आणि तिने त्याच कौतुकावर जळून गावाचा माल बुडवला होता.

"मग मघाशी सगळ्यांदेखत का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुमचीही एखादी वेळ चुकणारच की. तुम्हालासुद्धा दिसला नसेल."

तेक्ला उठली. तशीच, चिखलाच्या हातांनी, कुंडाकडे चालत गेली. रोसेर काही न कळून तिच्या मागे. कुंडावर अजून रोसेरच्या नावाने खडे फोडणं चालू होतं.

"तिला बोलू नका," तेक्ला म्हणाली. दात नसल्याने शब्द फसफसत होते, म्हणून तिने पुन्हा मोठ्याने सांगितलं. "ढग मी पाहिला होता. चांगला पाहिला होता. आणि मुद्दाम गप्प बसले."

सगळे थांबले. "का गं?" पुरामावशीला खरंच कळेना. "असं कोण करतं?"

"जळत होते मी तिच्यावर."

तेक्लाने मागे वळून रोसेरकडे पाहिलं. पोरीचा चेहरा, संध्याकाळच्या शिव्यांनी जो उतरला नव्हता, तो आता उतरला होता.

दोन दिवसांनी ऊन पडलं आणि वाचलेल्या मोजक्या तट्ट्या पुन्हा बाहेर आल्या. तेक्ला भिंतीवर येऊन बसली. रोसेर शंख घेऊन गच्चीवर गेली, आणि तेक्लाकडे पाठ करून, डोंगराकडे तोंड करून बसली.