उरलेल्या गोळ्या

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी चाचणीच्या पांढऱ्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली. आधी पुसट, मग ठळक. दाजींनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि डॅशबोर्डवर ठेवली.

“दोन आहेत ना?” सीटमागच्या बर्थवरून मेहुण्याने विचारलं. त्याने हनुवटीपर्यंत ब्लँकेट ओढलं होतं.

“आहेत.”

“म्हणजे मलेरिया.”

“म्हणजे मलेरिया. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या परीक्षेत पास झालास.”

मेहुणा हसला, पण दात वाजत असल्याने ते हसणं नीट बाहेर आलं नाही.

ट्रक सरहद्दीच्या नाक्यावर उभा होता, त्याला आज चौथा दिवस. पुढे सव्वीस ट्रक होते. मागचे मोजणं सगळ्यांनीच सोडून दिलं होतं. रस्ता एकपदरी, दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेले चर, त्यामुळे गाडी वळवायचा प्रश्नच नव्हता. दोघांचे पासपोर्ट शिक्क्यासाठी नाक्याच्या खिडकीत दिलेले होते आणि त्या खिडकीला परवापासून कुलूप होतं. पासपोर्टशिवाय फाटकापलीकडे पाऊल टाकता येत नव्हतं, आणि मागची चौकीही माणूस सोडत नव्हती. दवाखाना फाटकापलीकडे होता. केबिनमधून त्याचं निळं छप्पर स्पष्ट दिसायचं.

दाजींनी सीटखालून औषधांचा डबा ओढला. कंपनी प्रत्येक गाडीत हा डबा देते. त्यात मलेरियाच्या उपचाराचं एक पाकीट असतं: चोवीस गोळ्या, एका वेळेला चार, तीन दिवसांत सहा वेळा. पाकीट हातात घेण्याआधीच त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी ते उघडलं. बारा गोळ्या होत्या.

बाकीच्या बारा मागच्या खेपेला त्यांनीच घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, अंग हलकं झालं, आणि त्यांनी पाकीट मिटवून डब्यात परत टाकलं होतं. या रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर तेच करायचे. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या पुढच्यासाठी. त्यात वाईट काही आहे असं कुणाला वाटत नसे. उलट एवढ्या औषधाची नासाडी करणारा माणूस बेफिकीर समजला जाई. खेप निघण्याआधीच्या तपासणीच्या कागदावर ‘औषधे पूर्ण’ या रकान्यासमोर दाजींनीच सही केली होती.

त्यांनी चार गोळ्या मेहुण्याच्या हातावर ठेवल्या आणि पाकीट पटकन मिटलं.

फोन वाजला. बायको होती. मेहुण्याची ताई. ती घराजवळच्या एका दवाखान्यात औषधं देण्याचं काम करायची आणि भावाला ताप आल्याचं तिला सकाळीच कळलं होतं.

“अहो, चाचणी केली का?”

“केली. आहे.”

“डब्यात पूर्ण कोर्स आहे ना?”

“आहे.”

“सगळा द्या. ताप उतरला तरी. अर्धवट सोडलं तर तो आतून परत उठतो, आणि मग गोळ्यांनाही जुमानत नाही. तुमच्यासारखं करू देऊ नका त्याला.”

“अगं हो.”

“पण मला एक कळत नाही. तो तर रोज एक गोळी घेत होता ना? ताप येऊ नये म्हणून दिलेली?”

“घेतच असेल. तुझा भाऊ आहे.”

“मग असं कसं झालं?”

“डासांना तुझा धाक नाही,” दाजी म्हणाले आणि फोन ठेवला.

निघताना तिने टेबलावर दोन पाकिटं ठेवली होती, एकेक दोघांना. गुलाबी गोळ्या, रोज जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर एक. दाजींनी आपलं पाकीट तसंच फ्रिजवर सरकवलं होतं. बावीस वर्षं गाडी चालवतोय, तीनदा मलेरिया झाला, तिन्ही वेळा उठून बसलो. आभाळ कोरडं असताना छत्री उघडून चालणाऱ्यातला मी नाही, असं त्यांनी तेव्हा ऐकवलं होतं. आला ताप तर औषध आहेच की डब्यात. मेहुण्याने त्यांच्याकडे पाहिलं होतं, मग बहिणीकडे, आणि स्वतःचं पाकीट मुकाट्याने खिशात घातलं होतं.

तीन वाजता दाजींनी स्टोव्ह पेटवला. या खेपेत चहा त्यांनी एकदाही केला नव्हता. रोज सकाळी मेहुणाच करायचा आणि रोज सकाळी दाजी पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करायचे.

“चहा आहे की काढा?”

“पावडरच तशी आहे, दाजी.”

“पावडरीला नावं ठेवू नकोस. हाताला चव लागते. तुझी बायको आली की तिची फार दया येणार आहे मला.”

आणि तरी ते पेला रिकामा करायचे, कारण पुढे चारशे किलोमीटर दुसरा चहा नसायचा.

आज त्यांनी त्याच डब्यातली पावडर घातली, तीच दूधपावडर, तीच साखर. उभ्याउभ्याच घोट घेतला. थांबले. दुसरा घोट घेतला.

चहा चांगला झाला होता.

त्यांनी चहाच्या डब्यातला चमचा काढून उलटा केला. चमच्याच्या पाठीवर फिकट गुलाबी थर वाळून बसला होता, काहीतरी चिरडल्यासारखा. नखाने खरवडून त्यांनी तो जिभेवर ठेवला आणि थुंकले. मग डबा वर्तमानपत्रावर पालथा केला. पावडरीच्या तळाशी, नीट घडी घातलेली, गोळ्यांची रिकामी पट्टी होती. वीस कप्पे, वीसही फुटलेले. खेपेचा आज एकविसावा दिवस होता.

ते बर्थच्या काठावर बसले. मेहुण्याचं अंग आता तापून कोरडं झालं होतं. डोळे मिटलेले होते, पण तो जागा होता.

“तू स्वतः किती घेतल्यास?”

मेहुण्याने डोळे उघडले.

“तुम्ही तुमचं पाकीट घरीच ठेवलंत,” मेहुणा म्हणाला. “ताईने मला जिन्यापर्यंत येऊन सांगितलं होतं, त्यांना काही होऊ देऊ नकोस. ते ऐकायचे नाहीत, तूच बघ.”

“तिने हे सांगितलं होतं? चहात घालायचं?”

“नाही. ते माझं डोकं.” त्याने ओठांवरून जीभ फिरवली. “आणि मला वाटलं, मला झालाच तर डब्यात पूर्ण कोर्स आहे. कागदावर तुमची सही पाहिली होती मी.”

दाजींनी पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावली. पाणी हनुवटीवरून ओघळलं, ते त्यांनी स्वतःच्या बाहीने पुसलं.

“चहा खरंच एवढा वाईट व्हायचा?” मेहुण्याने विचारलं.

“झोप आता.”

चार वाजता ते पाकीट खिशात घालून खाली उतरले. सहा वेळांपैकी दोन वेळांचं औषध उरलं होतं. आणखी बारा गोळ्या हव्या होत्या, याच नावाच्या.

पुढचा ट्रक लाकडाचा होता. ड्रायव्हर चाकाला टेकून कांदा चिरत होता.

“तुझ्या डब्यात मलेरियाचं काही उरलंय?”

“कुणाला आलाय?”

“मेहुण्याला.”

“मग काळजी करू नका. बायकोचा भाऊ, लवकर हलणार नाही,” तो म्हणाला; पण दाजींचा चेहरा पाहून त्याने सुरी खाली ठेवली आणि डबा काढला. त्यात दोन गोळ्या होत्या, कात्रीने कापलेल्या पट्टीत. नाव कापलेल्या बाजूला गेलं होतं.

“याच असतील,” तो म्हणाला.

“असतील म्हणून नाही चालणार.”

टँकरवाल्याकडे चार निघाल्या, त्याच नावाच्या, पण तारीख तीन महिन्यांपूर्वी संपलेली. सिमेंटच्या गाडीत पाच मिळाल्या, तारीख न उलटलेल्या. फळांच्या गाडीतल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने सहा काढून दिल्या आणि वर विचारलं, “एवढ्या कशाला? दोन दिवसांत उतरतो. उरतील त्या परत आण.”

“उरणार नाहीत,” दाजी म्हणाले.

प्रत्येक डबा उघडला की आत कुणाचा तरी अर्धवट राहिलेला ताप होता. दाजी प्रत्येक पट्टी उन्हाकडे धरून नाव वाचत, मग तारीख, आणि जी चालणार नाही ती परत देत. टँकरवाल्याच्या चार मात्र त्यांनी परत दिल्या नाहीत. त्या वेगळ्या, डाव्या खिशात ठेवल्या.

पावणेसहाला फाटकावरचा शिपाई खुर्ची उचलून आत गेला. उद्या उघडेल का, या प्रश्नाला त्याने खांदे उडवले. तेव्हा दाजींच्या उजव्या खिशात तारखेतल्या अकरा गोळ्या होत्या आणि ते फाटकापासूनच्या चौथ्या ट्रकचं दार ठोठावत होते.

हातातला फोन वाजू लागला. बायकोचा होता. त्यांनी तो कानाला लावला.

“अगं, ऐक,” ते म्हणाले. “डब्यातलं पाकीट पूर्ण नव्हतं.”

वरून ट्रकचं दार उघडलं.